शाळा संध्याकाळी उघडी ठेवायला किती पैसे लागतात?

वडोदऱ्यातल्या आमच्या दांडिया बाजारात वाड्याच्या मागच्या गल्लीत नगर प्राथमिक शिक्षण समितीची एक शाळा आहे. दुपारची पाळी सुटली की साडेपाचच्या सुमारास फाटकाला कुलूप लागतं आणि सकाळची पाळी भरेपर्यंत आत फक्त कबुतरं असतात. वाड्यातल्या वहिनींना शिवण शिकायचं आहे. त्यासाठी त्या पैसे भरून रावपुऱ्यात एका बाईंच्या घरी जातात. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, इमारत उभी आहे, पंखे आहेत, बाकं आहेत. सरकारने एक हुकूम काढावा की प्रत्येक शाळेने संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी वर्ग चालवलेच पाहिजेत. त्याला असा खर्च तो काय येणार?"

मी बत्तीस वर्षं एका शिक्षणसंस्थेचे हिशेब लिहिले. जिन्यात उभ्याने देता येईल असं या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, म्हणून घरी येऊन वही काढली. वहिनींची मागणी रास्त आहे असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच तिचा हिशेब नीट मांडला पाहिजे. चांगली मागणी अर्धवट हिशेबावर मंजूर झाली की दोन वर्षांत तिचं हजेरीपत्रक तेवढं उरतं, हे मी पाहिलं आहे.

वहिनी जे मागतात त्याला जुने लोक समाजशिक्षण म्हणत, कुणी लोकशिक्षण म्हणतात. त्यात प्रौढांची साक्षरता येते, शिवण-संगणकासारखी हातची कला येते. दहावी राहून गेलेल्यांची तयारी, परप्रांतातून आलेल्यांना गुजराती शिकवणं, म्हाताऱ्या माणसांसाठी वाचन आणि व्यायाम हेही त्यातच. दिवसाच्या शाळेत वयाची अट असते. इथे शिकणारा सोळा वर्षांचा असेल किंवा सत्तरचा.

हे काम ज्यांच्यावर सोपवायचं ते आपल्याकडे कोण? वडोदऱ्यात नगर प्राथमिक शिक्षण समिती. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यातून अशी शाळा मंडळं चालत आली आणि १९६० साली गुजरात वेगळा झाल्यावरही तो कायदा इथे राहिला. समितीकडे पैसे येतात ते राज्य सरकारच्या ग्रँटमधून आणि महापालिकेच्या तरतुदीतून. ही रक्कम ठरते मुलं आणि शिक्षक मोजून. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदाही ६ ते १४ वर्षांच्या मुलांबद्दल बोलतो. वहिनींचं वय बेचाळीस आहे. समितीच्या कुठल्याही तक्त्यात त्या मोजल्या जात नाहीत, आणि जो मोजला जात नाही त्याच्या नावाने पैसा येत नाही. पहिली अडचण ही.

दुसरी अडचण महापालिकेच्या कायद्यात आहे. १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्यात कामांच्या दोन याद्या आहेत. कलम ६३ मधली कामं बंधनकारक, ती करावीच लागतात: पाणी, गटारं, दिवाबत्ती, आणि प्राथमिक शाळा. कलम ६६ मधली कामं ऐच्छिक, पैसे आणि मर्जी असेल तर करायची. प्राथमिक शाळेपलीकडचं शैक्षणिक काम या दुसऱ्या यादीत पडतं. म्हणजे वहिनींची मागणी साध्या शब्दांत अशी आहे: एक काम दुसऱ्या यादीतून उचलून पहिल्या यादीत ठेवा. कागदावर ही एका ओळीची दुरुस्ती. पण ऐच्छिक कामाला पैसे नसले तर ते थांबतं. बंधनकारक कामाला पैसे नसले तरी ते थांबवता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या कशाचे तरी पैसे थांबतात.

एका शाळेची वही

आता आकडे. खाली जे दर धरले आहेत ते माझे, अंदाजाचे. कुणाला ते कमी वाटतील, कुणाला जास्त. कुठला खर्च मोठा आणि कुठला छोटा हे प्रमाण दिसावं म्हणून ते मांडले आहेत. आपापले दर घालून बेरीज पुन्हा करून पाहिली तरी प्रमाण फारसं बदलत नाही.

एक शाळा धरू. आठवड्याचे पाच दिवस, संध्याकाळी सहा ते आठ. दिवाळी, उन्हाळा, नवरात्र (वडोदऱ्यात नवरात्रात संध्याकाळी कुणी वर्गाला येणार नाही), मतदानाचे दिवस, परीक्षा हे सगळं वजा करून वर्षाच्या २०० संध्याकाळी. एका वेळी तीन वर्ग: साक्षरता, शिवण, संगणक. शिकवणाऱ्याला दर संध्याकाळी ३०० रुपये मानधन धरलं तर तिघांचे वर्षाला १,८०,०००. फाटक उघडणारा आणि रात्री सगळे गेल्यावर बंद करणारा एक माणूस, अर्धवेळ, महिना ६,०००, म्हणजे ७२,०००. संध्याकाळी वापरलेले वर्ग आणि संडास सकाळची मुलं यायच्या आत स्वच्छ व्हायला हवेत, त्या सफाईचे महिना ३,००० प्रमाणे ३६,०००. नावनोंदणी, वेळापत्रक, शिक्षक आला नाही तर बदली माणूस, लोकांच्या तक्रारी हे बघायला एक संयोजक लागतो. चार शाळांना मिळून एक ठेवला आणि त्याला महिना २०,००० दिले तर आपल्या शाळेच्या वाट्याला ६०,०००. वीज महिना १,५००, वर्षाची १८,०००. पाट्या-पुस्तकं, दोरा-कापड, मशीनची दुरुस्ती २४,०००. बाकं, नळ, दारं, संगणक दुप्पट वापरले की दुप्पट झिजतात, त्याचे ३०,०००. हिशेब, ऑडिट, विमा १०,०००.

बेरीज ४,३०,००० रुपये.

वहिनींना वाटत होतं की मुख्य खर्च दिव्या-पंख्यांचा. वहीत वीज शंभर रुपयांतले जेमतेम चार रुपये खाते. मानधन, फाटकावरचा माणूस, सफाई आणि संयोजक मिळून ३,४८,००० होतात, म्हणजे शंभरातले ८१ रुपये माणसांचे. इमारत फुकट मिळाल्याने भाडं वाचतं हे खरं. पण शिक्षणात पैसा जातो तो माणसाच्या वेळेवर, आणि ती माणसं संध्याकाळी शाळेत आयती बसलेली नसतात. दिवसाचे शिक्षक थांबवता येतील असं कुणी म्हणेल. सकाळपासून उभं राहून शिकवलेल्या, वर मतदारयादीची आणि सर्वेक्षणाची कामं केलेल्या शिक्षिकेला आणखी दोन तास फुकट थांबा असं सांगणं अन्यायाचं आहे, आणि ते टिकतही नाही.

या वहीत आणखी एक गोष्ट दिसते. ६० माणसं आली काय आणि २० आली काय, खर्च जवळपास तोच राहतो. एका संध्याकाळचा खर्च २,१५० रुपये. ६० जण असले तर माणशी साधारण ३६ रुपये, २० असले तर १०८. पावसाळ्यात विश्वामित्री नदीचं पाणी चढलं, लग्नसराई आली, की हजेरी गळते आणि दर डोई खर्च तिपटीवर जातो. ऑडिटवाला नेमका त्याच महिन्याचा कागद उचलतो आणि 'खर्चाच्या मानाने लाभार्थी कमी' असा शेरा मारतो. अशा एका शेऱ्यावर चांगले चाललेले वर्ग बंद पडतात.

मग फी घ्यावी का? महिना १०० रुपये, दहा महिने, ६० जण: ६०,००० रुपये जमतात. खर्चाच्या शंभरातले चौदा. उरलेले ८६ कुणीतरी द्यायचेच आहेत. आणि त्या शंभर रुपयांमुळे पहिली कोण गळेल तेही सांगता येतं. संगणकवाला तरुण गळणार नाही. धुणीभांडी करून अक्षर ओळखायला येणारी बाई गळेल. शिवण आणि संगणकाला थोडी फी, साक्षरतेला अजिबात नाही, एवढा फरक करायलाच हवा असं माझं मत आहे.

शहरातल्या ५० शाळांना हा हुकूम लागू केला तर आकडा २ कोटी १५ लाख. महापालिकेच्या बजेटपुढे हा आकडा डोळे पांढरे करणारा नाही. पण नवी ग्रँट न देता हुकूम निघाला तर समितीला तो स्वतःच्या पैशातून काढायचा आहे, आणि तो कुठून निघतो हे हिशेबनिसाला विचारावं. पगाराच्या हेडला, म्हणजे खर्चाच्या त्या सदराला, हात लावता येत नाही. बांधील ग्रँट दुसरीकडे वळवता येत नाही. हात लावता येतात अशी हेडं थोडीच असतात: किरकोळ दुरुस्ती, बाकं, शाळेचं ग्रंथालय, प्रयोगाचं साहित्य, सहल. म्हणजे संध्याकाळच्या मोठ्या माणसांचा खर्च सकाळच्या लहान मुलांच्या मोडक्या बाकातून निघतो. वहिनींचा धाकटा मुलगा त्याच शाळेत चौथीत आहे.

किल्ली कुणाकडे

रुपयांत न दिसणारा एक खर्च इथे सांगितलाच पाहिजे, कारण माझ्या अनुभवात निम्मे वर्ग त्यानेच मारले आहेत. शाळेतली प्रत्येक वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढवलेली असते. संगणक, शिलाई मशीन, पंखा, घड्याळसुद्धा. त्या रजिस्टरवर सही मुख्याध्यापकांची. संध्याकाळी बाहेरची माणसं आली आणि एक मॉनिटर नाहीसा झाला, तर खुलासा मुख्याध्यापकांना मागतात, आणि कधी वसुलीही त्यांच्याकडूनच होते. त्यांना या जास्तीच्या जबाबदारीचा ना पैसा, ना वेळ, ना संरक्षण. अशा माणसाने खोलीची किल्ली 'हरवली' असं सांगितलं तर मी त्याला दोष देणार नाही. एका ठिकाणी मी स्वतः पाहिलं: संगणक आले, वर्ग मंजूर झाला, शिकणाऱ्यांची नावं लिहून झाली, आणि पूर्ण वर्ष संगणकांवरची प्लॅस्टिकची आवरणं निघाली नाहीत. कुणी वाईट नव्हतं. संध्याकाळचं रजिस्टर वेगळं करून त्यावर संयोजकाची सही घ्यायची, एवढं कुणी आधी लिहून ठेवलं नव्हतं.

बायकांच्या येण्याजाण्याचंही तसंच. आठ वाजता वर्ग सुटतो तेव्हा गल्लीतला दिवा लागलेला असेल का, फाटकाशी कुणी उभं असेल का, आतल्या संडासाला कडी आहे का, यावर हजेरी ठरते. माझ्या वहीत दिव्याचा खर्च नाही, तो महापालिकेच्या दुसऱ्या खात्याचा. पण तो नसेल तर वहीतला बाकीचा खर्च वाया जातो.

'करावंच' आणि 'करता येईल'

हुकूम करावा की नुसती मुभा द्यावी, यावर जगात बराच वाद झाला आहे आणि त्यातली एक गोष्ट फार शिकवणारी आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावी १९३५ साली शाळेच्या इमारती शाळेनंतर लोकांना उघडायचा प्रयोग सुरू झाला. व्यायाम शिकवणारे फ्रँक मॅन्ले यांची ती कल्पना, आणि उद्योगपती चार्ल्स स्ट्युअर्ट मॉट यांनी त्यासाठी ६,००० डॉलर दिले. पाच शाळांपासून सुरुवात झाली. तिथे हुकूम नव्हता. पैसे आधी आले, काम मागून वाढलं.

त्याच मिशिगनमध्ये १९७८ साली लोकांनी मतदान करून राज्यघटनेत एक दुरुस्ती आणली. तिचा गाभा असा: राज्याने स्थानिक मंडळांवर नवं काम लादलं तर त्याचा खर्च राज्यानेच द्यायचा, आणि आधी लादलेल्या कामात राज्याचा जो वाटा होता तो कमी करायचा नाही. पुढे विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणावरून तिथली शाळा मंडळं आणि करदाते कोर्टात गेले. काम बंधनकारक, पण राज्याचा वाटा अपुरा, ही त्यांची तक्रार. १९८० साली दाखल झालेल्या या दाव्याचा निकाल १९९७ साली लागला आणि राज्याला ८४ शाळा मंडळांना मिळून सुमारे २१ कोटी २० लाख डॉलर द्यावे लागले. तोवर सतरा वर्षं गेली होती. दाव्याच्या सुरुवातीला शाळेत असलेली मुलं निकालापर्यंत मोठी होऊन कामधंद्याला लागली होती. कॅलिफोर्नियानेही १९७९ साली असाच नियम केला: राज्य सांगेल त्या नव्या कामाचे पैसे राज्याने स्थानिक संस्थांना भरून द्यायचे.

आता मुभेची बाजू. नुसतं 'करता येईल' म्हटलं तर काय होतं, ते शहरातल्या सुखवस्तू अलकापुरीची आणि जुन्या वस्तीच्या वाडी भागाची तुलना केली की कळतं. जिथे पालक शिकलेले, वर्गणी देऊ शकणारे, समितीच्या कार्यालयात जाऊन बोलू शकणारे, तिथे वर्ग सुरू होतात. जिथे गरज जास्त तिथे मागायलाच कुणी जात नाही. म्हणून मी स्वतः हुकमाच्या बाजूचा आहे. पण ज्या वाक्यात 'करावंच लागेल' असं लिहिलं असेल, त्याच वाक्यात पैसे कोण देणार हेही लिहिलेलं हवं. दोन वाक्यांत किती अंतर पडतं ते मिशिगनमध्ये दिसलं.

यासाठी आपल्याला फार लांब बघायची गरजही नाही. ज्या शहरात हे लिहितो आहे तिथल्याच दरबाराने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी हाताळला होता. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी फक्त अमरेली भागात करून पाहिलं. संपूर्ण बडोदा राज्यासाठी कायदा आला १९०६ साली. मुलगे ७ ते १२, मुली ७ ते १० वर्षांच्या, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड. या दोन सालांमधली तेरा वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. मास्तर किती लागतात, कुठल्या हंगामात मुलं शेतावर जातात, दंड कितपत वसूल होतो, हे त्या तेरा वर्षांत कळलं. आणि हुकूम देणारं दप्तर आणि पैसे देणारा खजिना एकाच दरबाराचा होता, त्यामुळे 'तुम्ही करा, आम्ही बघतो' असं म्हणायची सोय नव्हती.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्या हाताशी होतं. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र सक्ती करायची ती नगरपालिका आणि लोकल बोर्डांनी. म्हणून खर्चाची वाटणी कशी असावी हेही गोखल्यांनी मांडलं: दोन तृतीयांश सरकारचे, एक तृतीयांश स्थानिक संस्थेचे. १९१२ साली विधेयक नामंजूर झालं. विरोधाच्या कारणांत पैसा हे एक मोठं कारण होतं.

बडोद्यात दुसरा एक प्रयोग झाला, जो वहिनींच्या मागणीच्या जास्त जवळचा आहे. शाळेत सक्तीने शिकलेली मुलं पुढे वाचायला काही मिळालं नाही तर अक्षरं विसरतील, ही काळजी महाराजांना होती. त्यासाठी १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय, लाकडी पेट्यांतून गावोगाव जाणारी फिरती ग्रंथालयं आणि खेड्यापाड्यांतली वाचनालयं यांचं जाळं त्यातून उभं राहिलं. मोतीभाई अमीन यांनी त्यासाठी गावंच्या गावं पालथी घातली. या ग्रंथालयांच्या पैशाचा नियम मी हिशेबाच्या वर्गात शिकवावा इतका सुरेख आहे: एक वाटा गावकऱ्यांनी गोळा करायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने घालायचा, तेवढाच दरबाराने. गावाने रुपया काढला की त्याचे तीन होत. गावाचा रुपया गुंतल्यामुळे पुस्तकं सांभाळलीही जात.

या नियमाची कमजोरीही सांगायला हवी. जे गाव पहिला रुपयाच काढू शकत नाही त्याला उरलेले दोनही मिळत नाहीत. गरीब गाव मागेच राहतं. मुभेतला दोष इथे दुसऱ्या दाराने आत येतो.

त्यावर मिनेसोटा या अमेरिकन राज्याचा उपाय मला पटतो. तिथेही शाळा मंडळांना समाजशिक्षणाचं काम दिलेलं आहे. नाव 'करता येईल' असंच, पण पैशाची रीत वेगळी. मंडळाच्या हद्दीत एकूण माणसं किती राहतात ते मोजतात आणि दर माणशी ठरावीक रक्कम धरतात. २००७ साली ती माणशी ५.४२ डॉलर होती. शाळेत जाणारी मुलं किती, हा प्रश्नच तिथे येत नाही. तान्हं बाळ, वहिनी, त्यांच्या सासूबाई, सगळी मोजली जातात. वस्ती अगदी छोटी असली तरी निदान १,३३५ माणसं धरायची, म्हणजे खेड्यालाही काही किमान मिळतं. पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो आणि जिथे मालमत्ता कमी तिथे राज्य भर घालतं. हे सगळं शाळेच्या मुख्य खात्यापासून वेगळ्या खात्यात ठेवतात, त्यामुळे मुलांच्या बाकांचे पैसे इकडे येत नाहीत आणि शिवणाचे तिकडे जात नाहीत. वर लोकांची सल्लागार समिती. वेगळं खातं ही ऐकायला रुक्ष गोष्ट वाटेल, पण माझ्या बत्तीस वर्षांत चाललेल्या आणि बुडालेल्या योजनांमधला फरक मी त्यावरूनच ओळखत आलो.

आपल्या देशातही पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी केंद्राची नवभारत साक्षरता योजना आहे, 'उल्लास' या नावाने ओळखतात ती. २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी १,०३७.९० कोटी रुपये, त्यातले ७०० कोटी केंद्राचे आणि बाकी राज्यांचे. उद्दिष्ट ५ कोटी माणसं. भागाकार केला तर माणशी सुमारे २०८ रुपये पडतात. माझ्या वहीत ६० जणांच्या शाळेत माणशी खर्च वर्षाला ७,००० च्या वर जातो. एवढा फरक कशाने? तिथे काम मुख्यतः साक्षरतेचं आहे, आणि शिकवणारे स्वयंसेवक आहेत. मानधन नाही, म्हणजे खर्चाचा सर्वात मोठा आकडाच पाटीवर शून्य लिहिलेला आहे. ते स्वयंसेवक मनापासून काम करतात आणि मला त्यांच्याबद्दल अतिशय आदर आहे. पण त्यांचा वेळ शून्य रुपयांचा नसतो. तो त्यांच्या घरातून येतो. एका मोहिमेला असा वेळ मिळतो. दर सोमवारी ते शुक्रवारी, वर्षानुवर्षं, तोच माणूस फुकट येईल असं धरून कायम वर्ग चालवता येत नाही. नव्या शिक्षण धोरणातही शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी शाळांच्या इमारती प्रौढांच्या शिक्षणाला वापराव्यात असं म्हटलं आहे. जागा दिली, आता फाटकावरच्या माणसाचे महिना सहा हजार कुठल्या हेडला टाकायचे तेही लिहायला हवं.

मला विचाराल तर हुकूम असा असावा: आधी दहा शाळा, तीन वर्षं, त्यातल्या निदान सहा गरीब वस्त्यांतल्या. खर्चाचे दोन वाटे राज्याचे, एक महापालिकेचा, गोखल्यांच्याच प्रमाणात. रक्कम वॉर्डातल्या माणसांच्या संख्येवर, हजेरीवर नाही, म्हणजे पावसाळ्यात वर्ग बंद पडणार नाही. खातं वेगळं, रजिस्टर वेगळं, सही संयोजकाची. तीन वर्षांनी आकडे लोकांपुढे ठेवावेत आणि मगच बाकीच्या शाळांना तो लावावा. तोपर्यंत वाट बघायला लागेल हे मला माहीत आहे, आणि वहिनींना तीन वर्षं थांबा म्हणताना जड जातं.

हे सगळं लिहून मी वही घेऊन खाली गेलो. वहिनींनी बेरीज नीट पाहिली, चौकीदाराच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा कमी धरलात. सहा हजारांत कोण थांबेल रात्री नऊपर्यंत?" मी तिथे आठ हजार लिहिले. मग त्या थोडं थांबून म्हणाल्या, "आणि भाऊ, सहा ते आठ ही कुणाची वेळ धरलीत? तेव्हा कणीक भिजत असते. आम्हा बायकांना मोकळीक असते ती दुपारी, दोन ते चार."

दोन ते चार तर दुपारची पाळी भरलेली असते. एकही खोली रिकामी नाही. म्हणजे जवळ कुठेतरी जागा भाड्याने घ्यावी लागेल, नाहीतर ग्रंथालयाची खोली मोकळी करून तिथे सहा मशीनं मांडावी लागतील. पहिल्या पानावर मी 'इमारत : खर्च नाही' असं लिहिलं होतं. ती ओळ खोडून वहिनींना विचारलं, सहा मशीनं आणि बारा बायका मावतील एवढी खोली गल्लीत कुणाकडे आहे.